वन्संचे घट्ट टाके

माझ्या नणंदेला राग यायला कारण लागत नाही, आणि मला राग यायला त्या एकट्या पुरतात. बावीस वर्षं आमचं असंच चाललंय. त्यामुळे त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर विणकामाच्या संमेलनाला गेले ती काही हौसेनं नव्हे. "ताईचे गुडघे दुखतात, तू जा ना तिच्यासोबत," असं म्हणून माझा नवरा पेपरात तोंड खुपसून बसला. सख्खी बहीण त्याची, आणि गुडघे सांभाळायचे मी!

वन्सं एकतीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होत्या. दोरी सैल असली की पार्सल परत. "हे पार्सल आहे की गबाळं?" लोक बाहेर पायरीवर बसून ते पुन्हा बांधायचे आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहायचे. पण त्यांच्या खिडकीवरून गेलेलं एकही पार्सल वाटेत सुटलं नाही, असं त्यांचे पोस्टमास्तरही सांगत. आई गेली तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि माझा नवरा नऊ. त्याला त्यांनीच वाढवला. लग्न केलं नाही. 'यांच्याशी करणार तरी कोण,' असं मी एकदा रागाच्या भरात बोलून गेले होते. त्याची लाज मला अजून वाटते.

दर थंडीत त्या भावासाठी एक स्वेटर विणतात. विणतात कसल्या, भांडतात. डॉक्टरवरचा राग, शेजारणीवरचा राग, माझ्यावरचा राग, सगळा सुयांवर निघतो. टाके असे आवळलेले की पुढच्या ओळीला सुई आत शिरताना कुरकुरते. अंगाचं माप दरवर्षी नवं घेतात, पण गळ्यातून माझ्या नवऱ्याचं डोकं काही जात नाही. तो आत अडकलेला, मी वरून ओढतेय आणि आतून आवाज, "कान! अगं, कान!" गेल्या एकवीस स्वेटरांचा हाच तमाशा.

"सांगून टाका ना एकदा," मी म्हणायची. नवरा म्हणायचा, "तुला तिचा स्वभाव माहीत नाही का?" माहीत नसायला काय झालं! लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी फक्त 'बाही जरा लांब झालीय' म्हणाले होते. वन्संनी तिथल्या तिथे, जेवणाच्या टेबलावर, अख्खा स्वेटर उसवला आणि पाच महिने आमच्याशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून त्या घरी आल्या की नवरा स्वेटर खांद्यावर टाकतो, बाह्या छातीवर बांधतो आणि म्हणतो, "जरा उकडतंय, ताई." गेल्या वर्षीचा स्वेटर मी कपाट आवरताना जुने कपडे नेणाऱ्या संस्थेला देऊन टाकला. एवढा ऊबदार, लहान डोक्याच्या कुणाच्या तरी अंगाला लागेल, म्हटलं.

संमेलनात खालचा मोठा हॉल म्हणजे लोकरबाजार. टेबलांच्या रांगा, टेबलांवर लडींचे ढीग, आणि बायकांची ही गर्दी. जी ती स्वतः विणलेलं काहीतरी घालून आलेली. या लोकांची एक रीत आहे: ओळख ना पाळख, सरळ येऊन तुमच्या स्वेटरचा काठ उलटा करून बघतात. विणकाम आतून कळतं म्हणे. एका बाईनं माझीही शाल उलटून पाहिली आणि "विकतची दिसते" असं म्हणून सोडून दिली. मी आधीच भडकलेली होते. वन्सं मात्र खुशीत होत्या, दहा जणींना त्यांनी टाक्यांवरून झापलं होतं.

शेवटच्या रांगेत एक टेबल जुने स्वेटर उसवून काढलेल्या लोकरीचं होतं. लोकर धुऊन, खाली वजन बांधून सरळ केलेली. वन्सं पुढे झाल्या आणि थांबल्या. त्यांनी एक लडी उचलली. राखाडी, गर्द हिरवा आणि विटकरी असे तीन पदर एकत्र. मी देऊन टाकलेल्या स्वेटरचीच ही लोकर! राखाडी लोकर पुरेना, म्हणून हे तीन पदर वन्संनी स्वतः जुळवले होते.

"ही लोकर माझी आहे," त्या म्हणाल्या.

"घ्या ना, काकू," स्टॉलवाली हसून म्हणाली.

"घ्या काय? माझीच आहे म्हणतेय मी! माझ्या भावाचा स्वेटर आहे हा. चोरीचा माल विकता?"

पाच मिनिटांत भोवती गर्दी जमली. स्टॉलवाली बिचारी सांगतेय की आम्ही संस्थेकडून कपडे घेतो, कागद दाखवते. पण वन्संच्या तोंडापुढे कागद काय टिकणार! "आयोजकांना बोलवा! माझ्या बाळच्या घरी चोरी झालीय!" बाळ म्हणजे माझा नवरा, वय वर्षं एकावन्न. छातीवर बिल्ला लावलेली एक बाई आली आणि स्टॉलवालीला म्हणाली, तूर्त टेबल आवरा, चौकशी होऊ दे. मला वन्संचा राग येत होता, घरी पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याचा येत होता, आणि सगळ्यात जास्त माझ्या बंद तोंडाचा येत होता.

स्टॉलवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. लडी खोक्यात भरता भरता ती म्हणाली, "चोर कशाला नेईल, काकू? कुणी घातलेलाच नव्हता तो. कोपरं घासलेली नाहीत, काही नाही. गळ्याचे टाके तर सुटेचनात, कात्री लावावी लागली."

"घातलेला नव्हता? रोज घालतो तो!"

"मी दिला," मी म्हणाले.

वन्सं वळल्या.

"मी दिला, वन्सं. तिचं टेबल नका आवरायला लावू. त्यातून डोकं जात नाही तुमच्या भावाचं. त्यातूनच नाही, एकाही स्वेटरमधून जात नाही. एकवीस स्वेटर! कान सोलून निघतात माणसाचे. आणि तुम्हाला सांगायची कुणाची छाती आहे? बाही लांब म्हटलं तर पाच महिने अबोला! मग काय करायचं आम्ही? खांद्यावर टाकायचे, बाह्या बांधायच्या आणि उकडतंय म्हणायचं?"

माझा आवाज हॉलभर गेला असणार, कारण समोरच्या टेबलावर लोकरीचा गुंडा गुंडाळणारी बाईसुद्धा थांबली. आता आकाश कोसळणार म्हणून मी तयारच होते. एवढंच काय, कोसळावं असंच मला वाटत होतं.

वन्सं लडीकडे बघत होत्या. "गळ्याला चौऱ्याऐंशी टाके घेते मी," त्या म्हणाल्या. "नेहमीचेच."

"नेहमीचे म्हणजे कधीपासूनचे?"

"पहिल्या स्वेटरपासूनचे. आई गेली त्या थंडीतला. तेव्हा बरोबर बसला होता की गं."

"तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, वन्सं."

वन्सं स्टॉलवालीकडे वळून "चुकलं माझं" म्हणाल्या. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले, आणि मला मुळीच बरं वाटलं नाही. बिल्लावाली निघून गेली. गर्दी पांगली. स्टॉलवालीनं आपली खुर्ची पुढे केली, तिच्यावर वन्सं बसल्या, आणि पर्समधून फोन काढून त्यांनी भावाला लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"बाळ, गार पडलंय रे. गेल्या वर्षीचा स्वेटर काढलास का?"

"हो ताई!" माझा नवरा म्हणाला. "आत्ता अंगातच आहे की!"

लडी वन्संच्या मांडीवर होती. "गळा कसाय त्याचा? टोचत नाही ना?"

"छे छे! एकदम फर्स्ट क्लास. काय ऊब आहे, ताई! मी तर काढतच नाही."

मला नवऱ्याचा असा राग आयुष्यात कधी आला नव्हता. फोन हिसकावून घेऊन ओरडावंसं वाटलं. वन्संनी नुसता हात वर करून मला थांबवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "जेव वेळेवर." आणि त्यांनी फोन बंद केला.

त्यांनी मांडीवरची लडी नीट गुंडाळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लहानपणी माझा मार चुकवायला असंच बोलायचा. अगदी हाच आवाज."