चौथा प्रश्न

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर मला चैन पडणार नाही! आमच्या मेडिकल कॉलेजात सगळे मोबाइलवर रोग ओळखायचा गेम खेळतात. त्यातल्या पेशंटला तीनपेक्षा जास्त प्रश्न विचारले की मार्क कापतात. माझी मैत्रीण मृणाल त्यात कायम पहिली.

आज वॉर्डात एक मावशी होत्या, छातीखाली जळजळतं म्हणून आलेल्या. मृणालने पटापट तीन प्रश्न विचारले आणि मला म्हणाली, "ॲसिडिटी. चल."

"झालं पण?" मावशी हसल्या. "आमचा भाजीवालासुद्धा यापेक्षा जास्त विचारतो गं!"

मृणाल ओशाळली आणि स्टूल ओढून बसली. "सांगा मावशी, अजून काय होतं?"

"जिना चढले की जळजळतं. बसले की थांबतं."

मृणालचा चेहराच उतरला. हे हृदयाचं दुखणं असू शकतं, हे गेमनेच तर शिकवलं होतं! ती सरांना बोलवायला धावली. ईसीजी काढला आणि मावशींना लगेच हृदयाच्या वॉर्डात हलवलं.

मी त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिले. गेममध्ये सगळं आहे, फक्त बसायला स्टूल नाही. आणि माणसं खरं सांगतात ते आपण जवळ बसल्यावर. तुमच्या बाबतीत झालंय का हो असं?