दादाच्या गाडीचे मिणमिणते दिवे

काजव्याच्या शेडमधल्या जुन्या गाडीचे दिवे तिन्हीसांजेला आपोआप लागतात आणि त्याचा मेलेला थोरला भाऊ स्टिअरिंगमागे बसून समोरच्या भिंतीकडे टक लावून बघतो, असं आमच्या गल्लीत छातीठोकपणे सांगतात. सांगणाऱ्यांत कोपऱ्यावरचा न्हावी पहिला. तो वस्तरा गळ्याशी धरून सांगतो, त्यामुळे गिऱ्हाईकाला पटलं नाही तरी ते मान काही हलवत नाही.

तर हे साफ खोटं. दिवे आपोआप लागत नाहीत, काजवाच ते लावतो. आणि स्टिअरिंगमागे कुणीच बसत नाही. ती जागा मोकळी ठेवून काजवा शेजारच्या सीटवर बसतो, हातात चहाचा कप घेऊन. राहता राहिले दिवे, तर ते लागले काय न् न लागले काय! पतंगसुद्धा एक घिरटी घालून शेजारच्यांच्या ट्यूबलाइटकडे निघून जातो.

आता गाड्यांची वायरिंग हा ज्याचा धंदा, ज्याच्या खिशात टेस्ट लॅम्प सदा लुकलुकतो म्हणून गल्लीने ज्याचं नाव काजवा ठेवलं, त्याच्याच घरच्या गाडीचे दिवे असे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो दुसरा कुठला?

आणखी एक खोड आहे त्याला. तो कुणाला 'उद्या या' म्हणत नाही. हॉर्न असो, वायपर असो, आलेलं काम त्याच दिवशी हातावेगळं. गिऱ्हाईकच बिचारं म्हणतं, "अहो, उद्या दिलंत तरी चालेल," आणि हा त्याच्यावर डाफरतो, "उद्या कुणी पाहिलाय?" त्याची बायको म्हणते, "यांचं कॅलेंडर एका पानाचं. तेही संध्याकाळी फाडून टाकतात."

या खोडीमागे दादा आहे.

गोल डोळ्यांची, फुगऱ्या गालांची ती गाडी दादाची. दादाचा तिच्यावर भारी जीव. घरात पाहुणा आजारी पडला तरी तो एवढा हळहळायचा नाही, पण गाडीला ओरखडा दिसला की त्याला जेवण जायचं नाही. नुकताच त्याने तिला गडद हिरवा रंग मारून घेतला होता, आणि रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून, "आतूनपण मार, कोपरेपण मार," असं सांगून त्याला जेरीस आणलं होतं. त्यानंतरच्या एका संध्याकाळी तो शेडच्या दारात उतरला. काजवा कुणाच्या तरी टेम्पोखाली आडवा झाला होता.

"दिवे फार मंद वाटतायत रे. बघतोस का जरा?"

"दादा, उद्या बघतो."

"बरं."

एवढंच. काजव्याला टेम्पोखालून दिसले ते दादाचे बूट, दारात क्षणभर थांबलेले आणि मग वळलेले. त्याच रात्री नदीवरच्या पुलाच्या वळणावर गाडी कठड्याला घासत गेली, आणि घासली तीही दादाच्याच बाजूने. पुढचे दोन्ही दिवे मात्र शाबूत राहिले. दादा काही राहिला नाही.

गाडी परत आल्यावर काजव्याने तिचं दार बदललं. नव्या दाराचा हिरवा जुन्या हिरव्याशी जुळला नाही, ते तसंच राहिलं. इंजिन ठाकठीक केलं, काचा बसवल्या. दिव्यांना मात्र हात लावला नाही. गल्ली म्हणाली, दुःख. दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती होती. दिवे उघडले नाहीत तोवर बिघाड मोठा असू शकत होता. डायनॅमो बसलेला, सगळी वायरिंग जळकी, बाडबिस्तरा बाहेर काढायचं काम. तसं असेल तर त्या संध्याकाळी तो टेम्पोखालून बाहेर आला असता तरी काही होणार नव्हतं. पण काम चुटकीसरशी होण्यासारखं निघालं तर?

म्हणून तो न उघडता नुसता बसायचा. भिंतीवरचे ते दोन फिकट डाग बघत राहायचा. एवढ्या उजेडात दादाला कठडा दिसला असेल का? आणि कधी कधी शेजारच्या मोकळ्या सीटची स्प्रिंग कुरकुरायची. काजवा तिकडे मान वळवायचा नाही. बघितलं की तिथे कुणी नसणार हे त्याला ठाऊक होतं. न बघितलं तर असायचा.

हे असंच चाललं असतं, पण वहिनी आली. वहिनी म्हणजे दादाची बायको. ज्या वयात बाकीच्या बायका एकमेकींना गुडघे दाखवतात त्या वयात ही गाडी शिकून आली होती.

"भावजी, गाडी हवीय मला. नदीपलीकडे शिवणाच्या वर्गात शिकवायचं काम मिळालंय."

"घ्या की. तुमचीच आहे. दिवसा न्या."

"दिवसा जायला माझे पाय आहेत. वर्ग सुटेपर्यंत अंधार पडतो. दिवे करून द्या."

"वहिनी, ते मोठं काम आहे."

"उघडून बघितलंत?"

काजवा हातातला पान्हा पुसायला लागला.

"न उघडताच मोठं? भावजी, तुम्ही ज्योतिषीच व्हायचं होतंत."

"वेळ जाईल त्यात."

"जाऊ दे. मी बसते." तिने स्टूल ओढलं, पिशवीतून कुणाचं तरी झंपर काढलं आणि त्याच्या बाह्या शिवायला घेतल्या.

आता सुटका नव्हती. काजव्याने दिव्याची कडी काढली, काच उतरवली. स्क्रू दोनदा निसटला. टेस्ट लॅम्प लावून पाहिला. बॅटरीपासून बल्बपर्यंत करंट भरपूर, ठणठणीत. म्हणजे येणारा रस्ता चांगला होता. मग त्याने परतीचा पाहिला. दोन्ही दिव्यांच्या तारा मागे एकाच बोल्टाने गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या होत्या. बोल्ट सोडवला. खाली पत्रा नव्हताच; होता तो गडद हिरवा, गुळगुळीत, चकचकीत रंग. रंगाऱ्याने दादाचा शब्द पाळला होता. करंट येत होता, पण रंगातून त्याला बॅटरीकडे परत जायला धड वाट नव्हती.

काजव्याने पॉलिश पेपरने रंग खरवडला. पत्रा लखलखला. बोल्ट आवळला, बटण दाबलं, आणि भिंत एकदम अंगावर आली. तिची भेग, तिचे खिळे, कोळ्याचं जाळं, सगळं.

वहिनीने सुई थांबवली. काजव्याने दिवे विझवले आणि मोठा बिघाड अजून आत कुठे सापडतोय का म्हणून तो भराभरा दुसरेच नट सोडवायला लागला. डायनॅमोचा पट्टा उतरवला, चांगल्या तारा ओढून काढल्या.

"दिवे तर लागले. आता कुणाला फसवताय?"

तो बॉनेटमध्ये वाकलेलाच.

"किती वेळ लागला, भावजी?"

"पाच मिनिटं," तो इंजिनाला म्हणाला.

मग वहिनीने दोरा दाताने तोडला.

"त्यांचा चष्मा त्या दिवशी माझ्या पर्समध्ये होता. नवा केलेला. लावायची लाज वाटायची ना, म्हातारा दिसतो म्हणून. आमचं भांडण झालं होतं. म्हटलं, एवढं दिसतंय तर जा तसेच. घरातला बल्बसुद्धा मंद वाटायचा त्यांना."

"पण दिवे मंद होतेच, वहिनी."

"डोळेही होते."

"तुम्ही नका अंगावर घेऊ. चूक माझी."

"वा! म्हणजे सगळी तुम्हीच घेणार? मला काहीच नको का?"

दारात लोक 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात ना, त्याच्या नेमकं उलट ते दोघं किती तरी वेळ 'माझी, माझी' करत राहिले. काजव्याची बायको चहा घेऊन आली, भांडण ऐकलं आणि कप तिथेच ठेवून पाय न वाजवता परत गेली.

दुसऱ्या संध्याकाळी गाडी निघाली. स्टिअरिंगवर वहिनी, शेजारी काजवा. पुलाच्या वळणावर दिव्यांचा पांढराशुभ्र झोत कठड्यावर पडला, आणि दगडावर अजून टिकून राहिलेली हिरवी रेघ दिसली. वहिनीने गाडी अगदी हळू केली. मागच्या सीटवर काहीतरी कुरकुरलं. आरशात बघायचं दोघांनीही टाळलं.

"भावजी," ती हलकेच म्हणाली, "आता तरी सुटलात ना?"

"सुटायचं काय त्यात, वहिनी? पाच मिनिटांचं काम होतं, ते पाच मिनिटांचंच राहणार. तुम्ही समोर बघा."