पद्माक्का आणि आलेखाचा कागद

संगणक दुरुस्तीला घेऊन आलेल्या माणसासमोर पद्माक्का आधी आलेखाचा कागद आणि पेन्सिल ठेवायच्या. यंत्राला हात नंतर. "यातलं काय गेलं तर तुमाला जेवण जाणार न्हाय, ते लिवा," असं त्या सांगायच्या. माणूस गोंधळायचा. पण लिहिल्याशिवाय त्या पुढं सरकत नसत.

शुक्रवार पेठेत एका शिलाईच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी सोलापुरी मराठी. उमेदीची वर्षं त्यांनी चादरी-टॉवेलच्या कारखान्यात नक्षीकामाचे आलेख काढण्यात घालवली होती. ते काम संगणकावर गेलं, तेव्हा इतरांनी कपाळाला हात लावला. अक्कांनी संगणक शिकून घेतला, आणि पुढं तो दुरुस्तही करू लागल्या. आलेखाचे कागद तेवढे राहिले. त्या जाऊन आता दीड वर्ष झालं.

मी शाळेत मराठी शिकवतो. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरांतले शब्द गोळा करण्याचा मला नाद आहे. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं, फोनवर आवाज टिपायचा आणि लॅपटॉपमध्ये भरायचा. एकदा लॅपटॉप जागा नाही म्हणून अडून बसला. तो मी अक्कांकडं नेला.

त्यांनी कागदावर एक लांब चौकट काढली आणि मधे रेघ मारायच्या ऐवजी ती अगदी डाव्या कडेला मारली. "हे बघा सर. ज्यानं तुमची विंडोज टाकली, त्यानं सी ड्राइव्हला एवढीच जागा दिली. कोनाडा. शेजारी डी, तो अख्खा वाडा. जागा हाय, पण भिंत चुकीच्या ठिकाणी हाय."

"मग भिंत सरकवा की."

"सरकवते. पण भिंतीला लागून तुमचं सामान हाय. आधी ते सगळं पलीकडं न्यायचं, मग भिंत. नेताना मधेच काही झालं, तर सामान ना हिकडं ना तिकडं." म्हणून आधी सगळ्याची दुसरी प्रत. तो शनिवार प्रत काढण्यातच गेला. सोमवारी या म्हणाल्या. लॅपटॉप मी घरी आणला.

रविवारी मी सांगोल्याजवळच्या एका गावी जाऊन बिराबाई आजींना भेटलो. ऐंशी पार केलेली बाई. त्या दिवशी कधी नव्हे ती खुलली होती. मेंढरांच्या रंगांची, कानांच्या ठेवणीची, आजारांची नावं तिनं दुपारभर सांगितली. ते सगळं मी लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये घातलं आणि फोन भरला होता म्हणून फोनवरचं पुसून टाकलं.

सोमवारी अक्कांनी विचारलं, "शनिवारपास्नं काही नवं घातलंय का?"

हो म्हटलं असतं, तर पुन्हा प्रत, पुन्हा थांबणं. मला शाळा गाठायची होती. मी म्हणालो, "नाही."

संध्याकाळी गेलो, तर अक्का स्टुलावर हात जोडल्यासारखे धरून बसल्या होत्या. "डिस्क म्हातारी होती. सामान हलवताना मधेच बसली. मी आधी तिची तब्येत बघायला पायजे होती, ती चूक माझी. पण घाबरू नका, शनिवारची प्रत हाय. नव्या डिस्कवर सगळं जसंच्या तसं देते."

स्वतःची चूक त्यांनी पहिल्या वाक्यात सांगितली होती. मला माझी सांगायला पाच मिनिटं लागली. "अक्का, मी खोटं बोललो. काल एका आजींचा टिपलेला आवाज त्यात होता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती मेलेली डिस्क त्यांनी चार दिवस उलटसुलट तपासली. हाती लागले ते तुटके आवाज, मधे नुसती खरखर. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "त्या आजी हायत न्हवं?"

"आहेत."

"मग डिस्कपुढं कशाला बसलोय आपण? येत्या रविवारी जाऊ."

आणि त्या खरंच आल्या. बिराबाई मला पाहून वैतागलीच. "परत त्येच इचारतूस व्हय रं? सांगितलं की समदं." मी खाली मान घातली. अक्का तिच्या शेजारी बसल्या आणि अंगणात वाळत घातलेल्या घोंगडीवरून त्यांनी बोटं फिरवली. म्हणाल्या, "आमी सुताला खळ देतो. तुमी लोकरीला कशाची देता?"

"चिंचोक्याची," आजी म्हणाली. मग थांबून म्हणाली, "तू इणकराची हायस व्हय?"

त्यानंतर त्या दोघींना माझी गरज उरली नाही. आजीनं चाती काढली, लोकर कातून दाखवली. पिळाचं नाव, तुटलेल्या धाग्याचं नाव, गाठीचं नाव, सैल विणीला द्यायची शिवी. दोन वर्षं मी त्या अंगणात येत होतो, पण लोकरीचं एकही अक्षर विचारायचं मला सुचलं नव्हतं. बोलता बोलता मेंढरांचे रंगही परत आले, गेल्या वेळेपेक्षा जास्तच. मी फक्त फोन धरून बसलो होतो.

परतीच्या एसटीत मला राहवलं नाही. "अक्का, त्या दिवशी तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"बोलले असते, तर पुढच्या येळेला तुमी खरं सांगितलं नसतं की."

मी म्हणालो, "अक्का, आणखी एक आहे. माझ्या वहीत पाच-सहा शब्दांचे अर्थ मी अंदाजानं लिहिलेत. आजीला विचारायची लाज वाटली."

"कुटले?"

मी वही काढून दाखवले. त्यांनी चष्मा लावून एकेक शब्द ओठांत पुटपुटत वाचला. तेवढ्यात गाडी मंगळवेढ्याच्या स्टँडात शिरली. अक्कांनी पिशवी खांद्याला लावली आणि उठल्या.

"अक्का, सोलापूर अजून लांब आहे."

"सोलापूर कुटं पळून चाललंय? आजी जागी हाय तवर इचारून येऊ," असं म्हणत त्या पायऱ्या उतरल्यासुद्धा, आणि सांगोल्याकडं जाणारी गाडी कुठं लागते ते विचारू लागल्या.