चाकाची खांदेमळणी

आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक आमच्या आधी पाहुण्यांच्या दारात पोहोचलं. आम्ही चौघं मागून चालत गेलो.

पाहुणे म्हणजे साधे पाहुणे नव्हेत. डिंभ्याचं स्थळ. मुलगा, नितीन, आमच्या लेकीला, सुवर्णाला, बघून गेला होता आणि त्यांच्याकडून पसंती आली होती. सुवर्णालाही तो आवडला होता. (तिनं तसं सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात ती दोनदा भाजीत मीठ घालायला विसरली.) आता आमच्याकडच्या मोठ्या माणसांनी त्यांचं घर बघायचं आणि होकार पक्का करून यायचं, एवढंच राहिलं होतं.

आम्ही महाळुंगे पडवळचे. आमच्या ह्यांना बैलगाड्यांच्या शर्यतीचा फार नाद. घरची शेवटची जोडी गेली आणि रिकाम्या गोठ्यात एक जुनी पांढरी मोटारगाडी येऊन उभी राहिली. हे रोज सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर उभे राहायचे आणि बैल निरखावा तसं तिला निरखायचे. पुढून बघायचे, मागून बघायचे, मग खाली वाकून पायांतून बघायचे.

"हिची छाती लई अरुंद हाय," एक दिवस ते म्हणाले.

"गाडीला कुठं छाती असती?"

"चाकं आत गेल्यात गं. शर्यतीचा बैल कसा पाय फाकून हुबा ऱ्हातो? तसं पायजे."

त्यावर इलाज निघाला. चाक आणि गाडी यांच्या मधे एक जाड चकती बसवायची, म्हणजे चाक तेवढं बाहेर येतं. तिला स्पेसर म्हणतात. जुन्नरला रशीदभाई म्हणून एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे आम्ही गेलो. मला बांगड्या भरायच्या होत्या म्हणून मीही बरोबर होते.

रशीदभाईंनी चकत्या बसवल्या, पण त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. पोरगी नको त्या घरात देताना बापाचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता.

"हौस हाय म्हणून बसवून देतो, पाव्हणं," ते म्हणाले. "पर ध्यान ठेवा. चाक बाहेर आलं की बेअरिंगवर अन् बोल्टांवर भार जास्ती येतो. मी बोल्ट लांब घातलेत, समदं पुसून कोरडं करून आवळलंय. आता चाक उगं काढू नका. अन् शंभरेक किलोमीटर झालं की गाडी परत आणा. नट पुन्यांदा आवळावं लागत्यात. ते चुकवायचं न्हाई."

"आणतो की," हे म्हणाले.

ह्यांचं 'आणतो की' मी बावीस वर्षं ऐकत आले आहे. त्यात आणलेली वस्तू मला अजून आठवत नाही.

दोनच दिवसांनी आमच्याकडच्या भादवी पोळ्याची आदली संध्याकाळ आली. त्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात. वर्षभर जू ओढून खांदे सोललेले असतात, त्यांना थंडावा मिळावा म्हणून. त्याला खांदेमळणी म्हणतात. थोरल्या भावजींकडे अजून एक जोडी आहे. ते मळ्याकडे जाता जाता आमच्या गोठ्यात डोकावले.

"बाळू, मधी काय घातलंय म्हणतोस? दाव की जरा."

झालं. रशीदभाई राहिले जुन्नरला. ह्यांनी जॅक लावला आणि डावं चाक काढून दाखवलं. भावजींनी ती चकती बोटानं वाजवून बघितली, "बरी हाय" म्हणाले आणि बैलांकडे निघून गेले. हेही त्यांच्या मागोमाग वेशीपर्यंत बोलत गेले.

मी आत होते. दरवर्षीच्या सवयीनं लोणी काढलं, हळद कालवली आणि वाटी घेऊन गोठ्यात गेले. गोठ्याच्या दारात पाय ठेवल्यावर आठवलं, की बैल नाहीत.

कितीतरी वेळ मी तशीच उभी राहिले. पत्र्याच्या फटीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्यात भुशाचे कण हळूहळू तरंगत होते. दावणीला अजून गवताचा वास होता. त्या उजेडात गाडी एक पाय वर करून उभी होती. खुरात काटा मोडला की बैल उभा राहतो, अगदी तशी. तिचा तो उघडा पडलेला गोल चकचकीत भाग बघून मला तिची माया आली. आम्हा सगळ्यांना ओढते, खड्ड्यातून नेते, आणि हिच्या खांद्याला कधी कुणी हात लावला नाही!

मी लावला. चांगलं दोन्ही हातांनी लावलं. चकतीला लावलं, बोल्टांना लावलं, त्यांच्या आट्यांची एकेक खाच बोटानं भरली. (काम करायचं तर मन लावून, असं माझी आई सांगायची. तिला गाडीचं माहीत नव्हतं.) हात फिरवता फिरवता तिच्या गळ्यात घंटा वाजतेय असंही मला वाटलं. बराच वेळ वाजली. मग कळलं, की त्या बांगड्या होत्या.

हे परत आले तेव्हा अंधारून आलं होतं. त्यांनी चाक चढवलं, नट फिरवले आणि पान्यानं आवळले.

"कसं अल्लाद बसलं बघ," ते खूश होऊन म्हणाले. "रशीदभाई उगं भ्या दाखवतो."

माझंच कौतुक झाल्यासारखं वाटून मी लाजले आणि आत गेले.

पुढचे चार दिवस ह्यांनी ती रुंद छातीची गाडी मंचर, नारायणगाव, ओतूर अशी सगळीकडे मिरवली. जुन्नर मात्र वाटेत लागलं नाही. लागलं असतं, पण ह्यांनी वाट बदलली.

नवरात्राच्या चौथ्या माळेला आम्ही डिंभ्याला निघालो. पुढे हे आणि थोरले भावजी, मागे मी आणि थोरल्या जाऊबाई. आता एक सांगायला हवं. लग्न होऊन आल्यापासून थोरल्या भावजींसमोर मी एक शब्द बोललेले नव्हते. मला कुणी मनाई केली नव्हती. पहिल्या वर्षी लाज वाटली, दुसऱ्या वर्षी सवय झाली, आणि नंतर एकदम काय बोलायचं ते सुचेना.

गाडीत बसताना डाव्या चाकावर मला पिवळट ओघळ दिसला होता. मी तो पदरानं पुसला. पाहुण्यांकडे जाताना स्वच्छ असावं.

घोडेगाव मागे पडलं आणि टक टक असा आवाज सुरू झाला.

"भावजी, कशाचा आवाज येतोय ओ?" जाऊबाईंनी ह्यांना विचारलं.

"चाकं बाहेर आल्यात, वहिनी. जरा बोलत्यात."

"काय बोलत्यात?"

"आता ते चाकालाच इचारा."

मला तो आवाज गोड वाटला. बैलगाडीत लहानपणी असाच यायचा. खिडकीतून थंड वारा येत होता, डोंगर निळे झाले होते आणि खाली धरणाचं पाणी इतकं शांत पसरलं होतं, की त्यात आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. एक होडी जागेवरच उभी होती. मी मनात सुवर्णाला तिथं नांदायला लावून दिलं. ती पाण्याच्या काठानं चालली होती, तिची हिरवी साडी वाऱ्यावर उडत होती, मागून एक लहान मूल दुडदुडत होतं. आता ते पडेल की काय, म्हणून मी बघत होते.

इतक्यात आमच्या गाडीच्या पुढून, रस्त्याच्या कडेनं, एक चाक निघालं.

उतार होता. ते अजिबात घाईत नव्हतं. ऊन अंगावर घेत, किंचित डुलत, सकाळी कामाला निघालेल्या माणसासारखं ते चाललं होतं. मला वाटलं, कुणाचं असेल बरं? आणि एकटंच कुठं निघालंय? सांगावंसं वाटलं, पण पुढे भावजी बसले होते.

मग गाडी डाव्या बाजूला वाकली, बसली, खरवडत थोडी पुढे गेली आणि गवतात थांबली. सुदैवानं वळण जवळ होतं म्हणून हे हळू चालवत होते. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. जाऊबाईंनी सगळ्या देवांची नावं घेतली. चाक मात्र वळणावर वळलं नाही. सरळ खाली उतरलं, एका अंगणात शिरलं, ताज्या रांगोळीवरून गेलं आणि ओट्याला टेकून उभं राहिलं.

ते पाहुण्यांचंच अंगण होतं.

आम्ही खाली पोहोचलो तेव्हा नितीनची आई औक्षणाचं ताट घेऊन चाकासमोर उभी होती. नितीन चाकाजवळ वाकला होता. तो ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात फोरमन आहे. त्यानं आधी सगळ्यांना लागलं नाही ना ते विचारलं, पाणी दिलं, मग चाकाच्या आत बोट फिरवून ते उजेडात धरलं.

"काका, हितं तेलकट काय लावलंय? तेलकट असलं की आवळताना नट घट्ट लागतोय, पर चाक तापलं की ते वितळतंय अन् समदं ढिलं पडतंय."

ह्यांना काहीच माहीत नव्हतं. भावजींना मात्र लगेच सगळं कळलं.

"दुसरं कोन लावनार? त्या जुन्नरच्या रशीद मिस्त्रीनं ग्रीस चोपडलं आसंल. चार मानसं मेली आसती आज. उद्या जातो अन् गावासमोर त्याची अब्रू काढतो."

नितीन सरळ उभा राहिला. "रशीदचाचा असं काम करनार न्हाईत. मी दोन वर्सं त्यांच्याच हाताखाली शिकलोय."

"म्हंजी मी खोटं बोलतोय?"

"तसं न्हाई म्हनत, पर चाचांना नाव ठिवू नका."

"अरं, अजून लग्न जमलं न्हाई तर हा उलटून बोलतोय. बाळू, चल. हितं पोरगी द्यायची न्हाई."

"चला तर मग," नितीनचे वडील म्हणाले. "आमालाबी चाक आदी धाडणारं घर नको."

भावजींनी टोपी नीट केली. हे खाली बघत राहिले. ताटातला दिवा वाऱ्यानं हलत होता, आणि पाण्याकाठची ती हिरवी साडी मला लांब लांब जाताना दिसू लागली. रशीदभाईंनी सगळं पुसून कोरडं केलेलं मी या डोळ्यांनी बघितलं होतं.

"लोणी हाय ते," कुणीतरी म्हणालं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा कळलं, की ते मीच म्हणाले होते.

"मी लावलं," मी म्हणाले. आता थांबून उपयोग नव्हता. "खांदेमळणी केली. बैल न्हाईत, म्हणून गाडीची केली. मिस्त्रीचा काय दोष न्हाई. ह्यांचाबी न्हाई. म्हंजी ह्यांचा थोडा हाय, त्यांनी नट परत आवळून घेतलं न्हाईत. पर लोणी माजं हाय. हळदबी माजीच."

भावजींचं तोंड उघडं राहिलं. लोण्याचा धक्का जास्त होता की माझ्या बोलण्याचा, ते मला अजून कळलेलं नाही.

"अगं बया," जाऊबाई पुटपुटल्या. "हिला वाचा हाय."

नितीननं घसा साफ केला. "मावशी, चारी चाकांना लावलं?"

"न्हाई रं बाळा. एकच काढलं होतं."

"म्हंजी बाकीची तीन यायची न्हाईत ना?" त्याच्या वडिलांनी विचारलं, आणि त्यांच्याच मिशीतून हसू फुटलं.

पुढं कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. नितीनच्या आईला ताट खाली ठेवावं लागलं. भावजी सगळ्यात शेवटी हसले, पण हसले, आणि रशीदभाईंना आपण उगाच बोललो हेही त्यांनी कबूल केलं. नितीनच्या आईनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "चुकी केली तर तोंडावर सांगनारी विहीण भेटली. आमाला पोरगी पसंत हाय, तुमाला घर पसंत हाय का सांगा."

घर कुणी नीट बघितलंच नव्हतं. तरी सगळे हो म्हणाले.

नितीननं गाडी तिथंच ठेवून घेतली. चारही चकत्या काढणार आणि जुने बोल्ट घालूनच परत देणार, असं त्यानं ह्यांना सांगितलं. हे नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हते. आम्हाला सोडायला त्यानं आपली जीप काढली आणि पुढचं दार स्वतः उघडून म्हणाला, "मावशी, तुमी पुढं बसा."

भावजी मागे, आणि मी पुढे! सगळ्या वाटेनं मी एका वेगळ्याच आनंदात होते. पाणी सोन्यासारखं झालं होतं, डोंगर मऊ दिसत होते, आणि मी मांडीवर हात ठेवून राणीसारखी बसले होते. जावई असावा तर असा. माणसाचा मान कळतो त्याला.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हणाले, "बघितलं का? थोरल्या भावजींना सोडून मला पुढं बसवलं."

"व्हय," हे म्हणाले. "जीपची खांदेमळणी नको व्हायला. तुजे दोनी हात नजरंसमोर असावेत, म्हनला तो."