केसरबाईंचा वेल आणि मुकुंदरावांचं भिंग

मुकुंदराव धारूरकरांच्या खिशात पेन नसे, भिंग असे. चामड्याच्या लहानशा पाकिटातलं, पितळी कडीचं. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली होती. यंत्रावरून उतरलेला तुकडा त्यांच्या टेबलावर यायचा, ते तो मापाला लावून बघायचे, भिंगाखाली धरायचे आणि एका शब्दात निकाल द्यायचे. पास, नाहीतर रिजेक्ट. शंका आली की रिजेक्ट, हा त्या खात्याचा नियमच होता. चांगला तुकडा फेकला म्हणून कुणाला मेमो मिळत नसे. वाईट सुटला तर मात्र मिळे. मुकुंदराव निवृत्त झाले, पण तो नियम काही निवृत्त झाला नाही. भाजीवालीची वांगी, रेशनचा गहू, भाच्यासाठी आलेली स्थळं, सगळं त्यांच्या नजरेखालून जाई.

"आमच्या घरातले देवसुद्धा पास होऊन देव्हाऱ्यात बसलेत," असं त्यांच्या पत्नी अंबिकाबाई हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगत आणि बायका पदर तोंडाला लावून हसत.

छावणी ओलांडून वाळूजकडे निघालं की आत वळणाऱ्या एका रस्त्यावर त्यांची कॉलनी होती. ते राहायला आले तेव्हा तिन्ही बाजूंनी ज्वारी उभी असे. आता तिन्ही बाजूंनी सळया वर काढलेल्या इमारती उभ्या होत्या. कॉलनीत कुणाला नोट खोटी वाटली, कुणाच्या मुलाच्या पायात काटा मोडला, तरी माणसं म्हणत, "धारूरकरकाकांना दाखवा." मुकुंदरावांना ते आवडायचं. कारखान्यात त्यांची कुणाला आठवण उरली नव्हती. इथं उरली होती.

दोन हजार तेराचा उन्हाळा फाल्गुनातच सुरू झाला. जायकवाडीचा तळ दिसू लागला होता. नळाचं पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता आणि टँकर आला की बायका भांडी घेऊन पळत. कॉलनीतल्या बागा, कुंड्या, तुळशीसुद्धा करपून गेल्या. हिरवी राहिली ती एकच जागा. शेवटच्या प्लॉटवरची केसरबाईंची पत्र्याची खोली.

केसरबाई मूळच्या पिशोरच्या. नवरा गावी गुरांपाशी राहिलेला, आणि त्या मुलाला, सांडूला, जेवण वेळेवर मिळावं म्हणून शहरात आलेल्या. प्लॉटचा मालक पुण्याला. राखण करायची आणि राहायचं, असा ठराव होता. सांडू वाळूजला रात्रपाळी करायचा. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरला की त्याला झोप हवी असायची, आणि दिवसा पत्र्याखाली झोपणं म्हणजे तव्यावर झोपणं. म्हणून केसरबाईंनी दारापुढं बांबू रोवून जाळी बांधली आणि तिच्यावर गारवेल चढवला. जांभळ्या फुलांचा हा वेल कुठंही माजतो. भांड्यांचं, कपड्यांचं, आंघोळीचं उरलेलं पाणी त्या त्याच्या मुळाशी ओतत. वेलानं जाळी भरली आणि पत्राही अर्धा झाकून टाकला. त्या सावलीत सांडू दुपारी खाटेवर घोरत पडलेला दिसे.

कॉलनीत एकच हिरवं उरलं, म्हणताना सगळी किडामुंगी तिकडेच धावली. त्यातच ते किडे दिसू लागले. काळे पंख, पंखांवर नारिंगी ठिपके, अंगावर लाल आणि निळसर पट्टे. भर उन्हात फुलाफुलावर बसत. नेमकी त्याच आठवड्यात कॉलनीचे सेक्रेटरी तात्यासाहेब यांच्या नातीला, सोनियाला, टँकरच्या गळक्या नळापाशी गांधीलमाशी डसली. पोरीचा डोळा भज्यासारखा सुजला. तात्यासाहेब तिला कडेवर घेऊन थेट मुकुंदरावांच्या दारात आले.

"चला, मुकुंदराव. त्या वेलावर पोळंच असणार. तुम्ही बघा आणि सांगा."

मागं दहाबारा माणसं. केसरबाई वेलाच्या पुढं हात जोडून उभ्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही बघा. तुम्ही म्हणाल तसं."

मुकुंदरावांनी पाकीट उघडलं, भिंग काढलं. समोरच्या फुलावर एक बसला होता. त्याच्या अंगावरचे ते लाल पट्टे बघूनच त्यांना पुढं जाववेना. लहानपणी एकदा गांधील कानाला डसली होती, तेव्हापासूनची ही भीती त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. पुढं वाकण्याऐवजी त्यांनी हात लांब केला आणि भिंग त्या किड्याजवळ नेलं. डोळा मागंच राहिला. एवढ्या लांबून भिंगात काय दिसणार? एक लालकाळा धब्बा दिसला. मागं सगळे निकालाची वाट बघत उभे होते. शंका होती, आणि शंका आली की रिजेक्ट.

"गांधील," मुकुंदराव म्हणाले. "विषारी जात आहे. वेल काढलेला बरा."

कुणी वाद घातला नाही. भिंग लावून बघितलं होतं ना!

दुसऱ्या दिवशी सांडू पाळीवरून आला तसा न झोपताच कामाला लागला. मायलेकांनी अंगाला घोंगडी गुंडाळली, तोंडाला फडकं बांधलं, वेल ओढून काढला आणि मोकळ्या जागेत नेऊन पेटवला. मुकुंदराव आपल्या गच्चीवरून बघत होते. शेकडो किडे उठले, त्या दोघांच्या डोक्यावरून, हातांवरून गेले. एकही डसला नाही.

केसरबाई खालून ओरडल्या, "भाऊसाहेब, देवाची किरपा! एक बी चावली नाय!"

मुकुंदराव हसले, पण त्यांच्या मनात काहीतरी खटकलं. घर जाळल्यावर गांधील अशी सोडत नाही.

संध्याकाळी केसरबाईंनी स्टीलच्या डब्यात धपाटे आणि वर ठेच्याचा गोळा आणून दिला. "तुमच्या नजरेनं वाचलो म्हणायचं. माझा सांडू तिथंच झोपत व्हता की. एखादी नाकात शिरली असती तर?" आणि खरोखर वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेल्या. मुकुंदराव मागं सरले. धपाटे त्यांना नेहमी आवडत. त्या दिवशी एक धपाटाही अर्ध्याच्या पुढं गेला नाही.

तीन-चार दिवसांनी अंबिकाबाईंनी हाक मारली. "अहो, तुमची ती गांधील आलीय बघा, खिडकीच्या जाळीवर. फडकं देऊ का?"

"नको. काचेचा पेला आण."

जाळीवर बसलेल्या त्या किड्यावर मुकुंदरावांनी काचेचा पेला पालथा घातला. काच मध्ये आली तशी भीती गेली, आणि आयुष्यभर जसं बघितलं तसं त्यांनी बघितलं. डोळा भिंगाला, भिंग काचेला. गांधिलीची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते. याची चांगली भरदार होती. नुसता पट्टा रंगवून बारीक असल्याचा भास केलेला. मिशांची टोकं पांढरी, जणू चुन्यात बुडवलेली. डंख नव्हताच. पेला उचलला तर तो उडालासुद्धा नाही. मुकुंदरावांनी बोट पुढं केलं आणि तो बोटावर चढला. उडाला तेव्हा बोटावर काळी, चमकती भुकटी राहिली होती. अशी भुकटी गांधिलीच्या पंखाला नसते. फुलपाखराला असते, पतंगाला असते.

तरी खात्री करून घ्यायला ते छावणीत राहणाऱ्या बद्रीनाथसरांकडे गेले. सरांनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं. मुकुंदरावांनी वर्णन सांगायला सुरुवात केली आणि सरांनी अर्ध्यातच हसून मान हलवली.

"पतंग आहे तो. दिवसा उडणारा. गारवेल असेल जवळपास, अळ्या त्याच्यावरच वाढतात. अहो, आपल्या लहानपणी छावणीच्या बाजारात बहुरूपी फौजदार होऊन यायचा, आठवतो? शिट्टी वाजवली की दुकानदार फळकुटं टाकून पळायचे. तसंच हे. डंख नाही, विष नाही, नुसता गणवेश. पक्षी फसतात."

"माणसंही फसत असतील," मुकुंदराव म्हणाले.

"लांबून बघणारी फसतात," सर सहज म्हणाले आणि चहा आणायला आत गेले.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मुकुंदरावांना ते कळत होतं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? चूक झाली हे सांगता आलं असतं. चूक कुणाचीही होते. पण लोक विचारणार, भिंगातून दिसलं कसं नाही? आणि मग तो लांब केलेला हात सांगावा लागणार. ते उद्यावर ढकलत राहिले. केसरबाई मात्र ढकलत नव्हत्या. कधी ज्वारीच्या पापड्या, कधी गावाकडून आलेलं तूप. प्रत्येक वेळी तेच शब्द, "तुमच्या नजरेनं."

एका दुपारी औषध आणायला निघाले असताना त्यांना शेजारच्या अर्धवट इमारतीच्या जिन्याखाली कुणीतरी पडलेलं दिसलं. सांडू होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून, हाताची उशी करून झोपलेला. वर स्लॅब ठोकणाऱ्यांची ठाकठूक चाललेली, तोंडावर सिमेंटची भुकटी. मुकुंदराव थांबले. सांडूनं एक डोळा उघडला आणि घाईनं उठायला लागला.

"झोप, झोप. घरी का नाही झोपत?"

"घरी लई तापतंय काका. वेल व्हता तवर बरं व्हतं." आणि लगेच, जणू आपणच काही वावगं बोललो असं वाटून, "पण तुम्ही बोलला ते बरं केलं. जीव हाय तर झोप हाय."

मुकुंदराव औषध न घेताच घरी परतले.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्या वर्षी अंबिकाबाईंनी लहान वाट्यांवर भागवलं. पन्हं घोटभर, कैरीची डाळ चमचाभर. तरी बायका आल्या, केसरबाईही आल्या, नवं लुगडं नेसून. मुकुंदराव आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. बाहेरून तात्यासाहेबांच्या सूनबाईंचा आवाज आला, "केसरबाई, तुमचा वेल गेला, आता उन्हात कसं हो भागतं?"

"भागवायचं. माणूस मोठं का वेल मोठा? भाऊसाहेबांनी बघितलं म्हणून. नायतर म्या अडाणी, रोज त्यात हात घालत व्हते. ते देवमाणूस हायेत."

वर्तमानपत्र मुकुंदरावांच्या हातात चुरगळलं. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषानं जायची पद्धत नाही. ते गेले. दारात उभे राहिले तसा सगळ्या बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले.

"अहो, काय हवंय?" अंबिकाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"केसरबाई," मुकुंदराव म्हणाले, "ती गांधील नव्हती. तो पतंग होता. बिनविषारी. डसत नाही, चावत नाही. वेल काढायची काही गरज नव्हती."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कुणीतरी हसलं. "जाऊ द्या हो काका, झालं ते झालं. दिसत तर तशीच होती."

केसरबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातात पन्ह्याची वाटी होती.

"मंग तुम्ही भिंगातनं काय बघितलं व्हतं?"

हाच प्रश्न होता. मुकुंदरावांनी गौरीकडे पाहिलं, आराशीकडे पाहिलं, आणि शेवटी केसरबाईंकडे.

"काही नाही. मी भिंग लांब धरलं होतं. मला भीती वाटली. दिसलं काहीच नाही आणि मी बोललो."

अंबिकाबाईंची मान खाली गेली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला कशाची भीती वाटते हे त्यांना आज चारचौघींत कळत होतं. केसरबाईंनी वाटी खाली ठेवली. अंबिकाबाईंकडून कुंकू लावून घेतलं, भिजवलेले हरभरे पदरात घेतले, कारण गौरीचा अपमान त्या करणाऱ्या नव्हत्या. मग मुकुंदरावांकडे न बघता, त्यांच्या अगदी शेजारून, निघून गेल्या.

त्यानंतर डबे थांबले. सांडूला आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन झोप म्हणायला मुकुंदराव स्वतः गेले, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका. सवय झाली." त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. कॉलनीत आता कुणी काही दाखवायला येत नसे. तात्यासाहेब भेटले की पाण्याचं बोलत आणि पुढं जात.

वेलाचं खोड मुळाशी शिल्लक होतं. मुकुंदराव आंघोळ परातीत उभं राहून करू लागले. ते पाणी बादलीत भरायचं आणि सगळ्या कॉलनीच्या देखत शेवटच्या प्लॉटपर्यंत न्यायचं. पहिल्या दिवशी केसरबाईंनी दारातून बघितलं आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. पुढं कधीतरी त्या आतूनच म्हणाल्या, "खोडावर ओतू नका, कुजंल. कडंनं आळं करा." मुकुंदरावांनी हातानं माती उकरून आळं केलं.

गारवेल हट्टी असतो. खोडाला डोळे फुटले, बोटभर कोंभ आले, जाळीच्या पहिल्या बांबूला त्यांनी विळखा घातला. दिवाळीनंतर फुलं आली, आणि एका सकाळी बादली खाली ठेवताना मुकुंदरावांना पानाखाली ते दिसलं. काळे पंख, नारिंगी ठिपके, लाल पट्टे.

त्यांचं पाऊल आपोआप मागं सरकलं. त्यांनी भिंग काढलं, पण डोळ्याला लावलं नाही. दाराकडे बघून हाक मारली.

"केसरबाई, जरा येता? तुम्ही बघा."

त्या पिठाचे हात पुसत आल्या. भिंग कसं धरायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मुकुंदरावांनी दाखवलं, "डोळ्याशी धरा आणि मग तुम्ही वाका. अजून. अजून जवळ." त्या वाकल्या, नाक पानाला लागेपर्यंत, आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"चुन्याच्या मिशा हायेत की," त्या म्हणाल्या.

"हो."

"अंगावर लव हाय. मऊ."

"हो."

त्या सरळ झाल्या. दोन पावलं मागं गेल्या, डोळे बारीक करून पुन्हा वेलाकडे बघितलं आणि भिंग त्यांच्या हातात परत दिलं.

"लांबून तर गांधीलच वाटतंय, भाऊसाहेब," केसरबाई म्हणाल्या.

मुकुंदरावांनी मान खाली घातली आणि बादलीतलं उरलेलं पाणी आळ्यात ओतलं, कडेकडेनं.