पिलांवरची मरळ

तळ्याच्या कडेला शेवाळाशेजारी एवढ्याशा लाल पिलांचा पुंजका पाण्यावर वळवळत होता. "मरळीची पिलं," गळ टाकायला बसलेले आमच्या गावचे दगडूमामा हळूच म्हणाले, "खाली ती असणारच." आणि त्यांनी गळाला लावलेला रबरी बेडूक नेमका त्या पुंजक्यात टाकला.

"भुकेली असेल का हो?" मी विचारलं.

"छे! या दिवसांत तिला भूक कुठली? पिलांत काही शिरलं की धावून येते, बस्स."

बेडूक पिलांमधून एकदा गेला, दोनदा गेला. पाणी गप्प होतं. ओळख बाई, रबर आहे ते, असं मी मनातल्या मनात म्हणत राहिलो.

मला तरी कुठे ओळखता आलं होतं? मागच्या आठवड्यात फोनवर कुणी म्हणालं, "तुमच्या मुलीला अपघात झालाय." मी अनवाणीच बसस्टँडपर्यंत पळालो. तिथून तिला फोन लावला, तर ती पुण्यात, कॉलेजच्या कँटीनमध्ये डोसा खात होती. "बाबा, अनोळखी नंबर उचलायचाच नाही," तिनं बजावलं. मी कबूलही केलं. पण आपल्या पिलाचं नाव निघाल्यावर खरं-खोटं पारखायला थांबतं कोण?

तिसऱ्यांदा पाणी फुटलं. मामांची काठी वाकली आणि पिलं सैरावैरा पांगली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. दुसरी रिंग व्हायच्या आत मी "हॅलो" म्हणालो होतो.