शॉकअप गेलेत

माझ्या नवऱ्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

त्याच्याकडे गाडी होती. दोन दारांची, लाल, स्पोर्ट्स. मालाडच्या एका माणसाकडून त्याने ती जुनी घेतली, तेव्हाच ती खाली घेतलेली होती. म्हणजे मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा टाकलेल्या. गाडी रस्त्याला चिकटून चालल्यासारखी दिसायची. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीतली पोरं गेटवर थांबून बघायची आणि ते त्याला फार आवडायचं. आत बसायचं म्हणजे मात्र जमिनीवर बसल्यासारखं. माझ्या कमरेतली एक चकती सरकलेली आहे, लग्नाच्या आधीपासून. त्याला ते माहीत होतं. डॉक्टरांकडे पहिल्यांदा तोच घेऊन गेला होता.

आमचं लग्न आम्हीच ठरवलेलं. माझं माहेर घाटकोपरचं, मूळचे आम्ही विदर्भातले, घरी बुद्धवंदना. त्याचं घर मूळचं कोकणातलं, आई त्याच्याजवळच राहायची. त्याच्या आईने मला घरात घेतलं, पण स्वयंपाकघरात घ्यायला बराच वेळ लावला. तिच्याशी माझं भांडण असं कधी झालं नाही. ती बोलायचीच कमी.

माझं तोंड मात्र पहिल्यापासून तिखट. मुलुंडला त्याच्या मावशीकडे गणपतीला गेलो होतो. मावसभावाने खिडकीतून खाली बघितलं.

"काय रे, नवी गाडी? झकास!"

"हो," नवरा म्हणाला. "घेतली."

"नवी कुठली," मी म्हटलं. "दोघांनी वापरून टाकलेली आहे. हा तिसरा."

सगळे हसले. तोही हसला. मोदक खाल्ले, मावशीच्या पाया पडला, मला दार उघडून दिलं. पवई सोडून गाडी आरेच्या रस्त्याला लागली आणि पहिल्या स्पीडब्रेकरला त्याने ब्रेक लावला नाही.

गाडी उडाली आणि आपटली. कमरेतून जी कळ निघाली ती थेट टाचेपर्यंत गेली. मी ओरडले. तो म्हणाला, "शॉकअप गेलेत गं. काय करू?" दुसऱ्या ब्रेकरलाही तेच. "हळू घे ना रे," मी म्हणत होते, आणि तो अगदी समजुतीच्या आवाजात सांगत होता, "हळू घेऊन काय फरक पडणार? शॉकअपच गेलेत." घरी पोचलो तेव्हा मला गाडीतून उठता येत नव्हतं. त्याने हात धरून उठवलं, लिफ्टपर्यंत नेलं, गरम पाण्याची पिशवी करून दिली.

पुढे ते असंच चाललं. रोज नाही. मी काही बोलले असेन, चारचौघांत त्याची फजिती केली असेल, किंवा त्याचा दिवस वाईट गेला असेल, तरच. तेव्हा तो भांडायचा नाही. "चल, चक्कर मारून येऊ," म्हणायचा. नाही म्हटलं तर आईसमोर म्हणायचा, "बघ, हिला माझ्याबरोबर बाहेर यायला पण नको." मग मी जायचे. खड्डा दिसला की चाक त्यात जायचं. त्याच्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं. मी दाराचं हँडल धरून, दात आवळून बसायचे, आणि प्रत्येक आदळआपटीनंतर तेच वाक्य: शॉकअप गेलेत.

खरं म्हणजे ते गेलेही होते. पार्किंगमध्ये चाकांमागे तेलाचे डाग पडायचे. त्यामुळे मी कुणाला सांगितलं तर उत्तर तयार असायचं. मैत्रीण म्हणाली, "विकून टाका ना ती गाडी." सासूला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "गाडी दुरुस्त करून घे."

तो ऑफिसच्या कामाला नागपूरला गेला, तेव्हा मी चावी घेतली. मला गाडी येते, पण ही चालवायची मुभा नव्हती. दहिसरला चेकनाक्याच्या अलीकडे एक गॅरेज होतं, तिथे फोन करून विचारलं होतं. बोरिवलीहून निघाले ती फार जपून. ब्रेकर आला की जवळजवळ थांबायचे आणि गाडी तिरकी घालायचे, एकेक चाक वर, एकेक खाली. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दे म्हटलं. नाक्याशी पोचले, गाडी बंद केली, आणि तशीच आत बसून राहिले. सगळ्या रस्त्यात कमरेत एकदाही कळ आली नव्हती. तीच गाडी, तेच गेलेले शॉकअप.

संशय आधीही होता. पण संशय असला की माणूस स्वतःलाही थोडं खोटं ठरवू शकतो. त्या सकाळी ती सोय गेली. त्या क्षणी परत फिरायला हवं होतं असं आज कुणीही म्हणेल. मी गाडी गॅरेजमध्ये घातली. शॉकअप गेलेत ही त्याची सबब होती, आणि मला ती सबब काढून घ्यायची होती.

गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली, चाकं काढली. म्हणाला, "मॅडम, गाडी खाली घेतली, पण शॉकअप मूळचेच लांब ठेवलेत. ते आधीच दबून बसतात, मग फुटणारच. याला आखूड पाहिजेत." आखूड मागवावे लागले, मालाडहून यायला दुपार झाली. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठीमागे ओढणीची घडी ठेवून बसले होते. त्याने दोन लोखंडी आकड्यांनी स्प्रिंग आवळून धरली आणि जुना शॉकअप मोकळा केला. बोटांना काळं तेल. त्याची दांडी तळहाताने आत दाबली. ती आत गेली आणि तिथेच राहिली.

"चांगला असेल तर परत वर येतो," तो म्हणाला. "हा मेलाय. डावीकडचे दोन्ही असेच. उजवीकडचे अजून थोडे चालले असते."

"डावीकडचेच का?"

"रस्त्याच्या कडेला खड्डे जास्त ना. डावं चाक खातं सगळं."

मी हो म्हटलं. पैसे माझ्या पगारातून दिले. संध्याकाळी येताना मुद्दाम एका ब्रेकरवरून जरा वेगात गेले. गाडी एकदा बसली, उठली, आणि शांत झाली. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले.

नवरा परत आला. चावी हातात घेऊन म्हणाला, "कोणाला विचारून?" मी म्हटलं, "तूच म्हणायचास ना गेलेत म्हणून." तो खाली गेला, चक्कर मारून आला. "मस्त बसलीये गाडी," एवढंच म्हणाला. पुढचे काही दिवस छान गेले. मला वाटलं, झालं, संपलं.

मग मालाडला त्याच्या मित्राकडे जेवायला गेलो. मित्राच्या बायकोने विचारलं, याचं प्रमोशन झालं का. मी म्हटलं, "याच्या हाताखालच्या मुलाचं झालं." ते खरं होतं आणि बोलायची काही गरज नव्हती. पण मी बोलले.

निघालो. आमचं घर उत्तरेला, त्याने गाडी दक्षिणेला वळवली. गोरेगाव, मग आरे. दुपारची वेळ, रस्ता रिकामा. ब्रेकर आला, त्याने वेग वाढवला. गाडी वर गेली, खाली आली, एकदाच बसली. मला काही झालं नाही. आणि तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता.

पुढच्या ब्रेकरलाही तसंच. पुन्हा माझ्या तोंडाकडे.

"लागलं नाही," मी म्हटलं, आणि हसले. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

त्याने गाडी कडेला घेतली. तबेल्यांच्या बाजूला, जिथे शेणाचा आणि ओल्या पेंडीचा वास येतो. इंजिन चालूच होतं.

"उतर."

"काय?"

"कंबर बरी आहे ना आता? चालता येईल. उतर."

पर्स मागच्या सीटवर होती, ती मला घेऊ द्यायलाही तो थांबला नाही. फोन, पैसे सगळं त्यातच. खूप चालले. नंतर कंबर आखडली, तेव्हा एका झाडाच्या पारावर आडवी झाले. वैरणीचा भारा घेऊन जाणारी एक बाई थांबली, म्हणाली, "चक्कर आली का गं?" मी हो म्हटलं. काय सांगणार? तिने मला बसस्टॉपपर्यंत आणून सोडलं आणि कंडक्टरला देण्यापुरते सुट्टे हातात ठेवले.

घरी आले तेव्हा नवरा टीव्ही बघत होता. माझी पर्स सोफ्यावर नीट ठेवलेली. सासू स्वयंपाकघरात. मी तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या ब्रेकरपासून. तिने ऐकून घेतलं, गॅस बारीक केला.

"आदी निदान घराक तरी हाडीत होतो," ती म्हणाली.

आधी निदान घरी तरी आणायचा. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. हिशोब सांगावा तसं तिने सांगितलं, की शॉकअप बदलून मी माझंच नुकसान करून घेतलं.

मी पर्स उचलली, कमरेचा पट्टा घेतला आणि घाटकोपरला आले. रिक्षात बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आईने दार उघडलं, जेवायला वाढलं, रात्री कमरेला तेल चोळलं. चोळता चोळता म्हणाली, "तुझं पण तोंड काही कमी नाही." तेल मात्र चोळत राहिली.

तो एकदा आला, खाली उभा राहून हॉर्न वाजवला. मी गेले नाही. मग कोर्ट.

कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. चांगल्या होत्या बाई, पाणी विचारलं. मग म्हणाल्या, "मारहाण?"

"नाही."

"दारू? बाहेर काही?"

"नाही."

"मग त्रास नेमका कसला?"

मी सांगायला लागले. ब्रेकर, खड्डे, डावी बाजू. बोलताना मलाच ऐकू येत होतं की हे कसं वाटतंय. एक बाई गाडीच्या शॉकअपविषयी तक्रार करतेय. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. तो मान खाली घालून बसला होता, हात गुडघ्यांवर, फार थकल्यासारखा.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "गाडी खाली घेतलेली, तिला त्रास व्हायचा, मान्य. पण मी तिच्या कमरेसाठी सगळे शॉकअप नवीन टाकले. विचारा तिला, टाकले की नाही?"

बाई माझ्याकडे वळल्या. "टाकले?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत होता, तसाच.

"टाकले," मी म्हटलं. "मला आता सही कुठे करायची ते सांगा."

बाई म्हणाल्या, एवढ्या तेवढ्यावरून संसार मोडू नका, विचार करा, पुन्हा या. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा पुन्हा गेलो, आणि शेवटी दोघांच्या संमतीने मोकळे झालो. गाडी त्याने मध्येच कुणालातरी विकली म्हणे. मी घाटकोपरलाच असते. थंडीत कंबर धरते, एरवी ठीक. नातेवाईक विचारतात तेव्हा आई सांगते, गाडीवरून बिनसलं. ते हसतात, म्हणतात, आजकालची पोरं. मी चहा ठेवायला आत जाते.